विंडोज १० वरून ११ वर जाताना : अपग्रेड करायचं की फॉरमॅट मारायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीटीपी आणि हिशेबाची कामं करणाऱ्या छोट्या दुकानातला लॅपटॉप. आठव्या पिढीचा कोअर आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० होम सिंगल लँग्वेज. त्यावर टॅली (हिशेबाचं), श्रीलिपी (मराठी फाँट आणि टायपिंगचं) आणि कोरल ड्रॉ (डिझाइनचं). विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ वर जायचं आहे. रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारा, घरचे म्हणतात अपग्रेड करा म्हणजे सगळं जागच्या जागी राहील.

या मशीनपुरतं उत्तर आधी देतो. पहिलं काम एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क, बसवायचं. श्रीलिपी आणि कोरलचे इन्स्टॉलर, सीरियल नंबर आणि डोंगल (लायसन्सची यूएसबी चावी) हाताशी असतील तर नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाका. यातलं एक जरी हरवलेलं असेल, तर जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन करा, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल करा, आणि त्यावर अपग्रेड करा. निर्णय "कुठल्या पद्धतीने मशीन जास्त पळेल" यावर घेऊ नका. आज मशीनवर जे चालू आहे त्यातलं काय पुन्हा टाकता येणार नाही, आणि आत्ताचं विंडोज किती निरोगी आहे, या दोनच गोष्टींवर तो घ्यायचा असतो.

अपग्रेडबद्दल एक समज फार पक्का बसलेला आहे, की जुन्या विंडोजवर नव्याचा थर चढतो आणि खालचा सगळा कचरा तसाच राहतो. एक्सपीच्या काळात ते बरंचसं खरं होतं. व्हिस्टापासून सेटअपची रचना बदलली. आता सेटअप संपूर्ण नवीन विंडोजची इमेज उलगडतो, जुनं विंडोज फोल्डर "विंडोज डॉट ओल्ड" या नावाने बाजूला ठेवतो आणि मग तुमची प्रोफाइल, प्रोग्रॅम, रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि ड्रायव्हर नव्या जागी आणून बसवतो. म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइली दोन्ही पद्धतींत सारख्याच ताज्या असतात. सोबत येतात ते तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम, त्यांच्या सर्व्हिसेस, सुरू होताना उठणाऱ्या गोष्टी आणि जुने ड्रायव्हर. मशीन मंद असण्याचं कारण बहुतेक वेळा यातच असतं, आणि ते फॉरमॅट न मारताही काढता येतं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन नको ते बंद करा, तीन वर्षांत न उघडलेले प्रोग्रॅम काढा. फॉरमॅटनंतर मशीन पळतं ते प्रामुख्याने हे सगळं गेल्यामुळे. दोन महिन्यांत तेच प्रोग्रॅम परत आले की वेगही पूर्वपदावर येतो.

मात्र काही ठिकाणी अपग्रेडचा विचारच करू नये. मशीनमध्ये व्हायरस शिरलेला आहे, किंवा विंडोज क्रॅक वापरून अॅक्टिव्हेट केलेलं आहे, तर ती घाण अपग्रेडसोबत नव्या विंडोजमध्ये येते. अशा वेळी सगळी पार्टिशन उडवून कोरं विंडोज टाकायचं आणि बॅकअपमधून फक्त डॉक्युमेंट, फोटो, डेटा परत घ्यायचा, सेटअपच्या फाइली घ्यायच्या नाहीत. विंडोज १० जर ३२ बिट असेल तरी मार्ग एकच, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही. आणि तिसरं म्हणजे डिस्कच मरायला टेकलेली असेल तर. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि ०५ व सी५ या दोन ओळींची रॉ व्हॅल्यू बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर अपग्रेडही नको आणि क्लोनही नको. अपग्रेड हजारो फाइली हलवतं आणि तेवढ्यात अशी डिस्क अर्ध्यावर बसते. आधी डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्या.

आता या दुकानाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅटमध्ये काय जातं ते. "माझा सगळा डेटा डी ड्राइव्हवर आहे" हे वाक्य बहुतेक जण म्हणतात. सी आणि डी ही बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कची दोन पार्टिशन असतात. सेटअपमध्ये चुकून डी डिलीट झालं की डेटा गेला. शिवाय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सी वरच असतात. बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच घ्यायचा, आणि घेतल्यावर दुसऱ्या मशीनला लावून चार फाइली उघडून बघायच्या.

टॅलीचा बॅकअप टॅलीच्या आतल्या बॅकअपच्या सोयीने घ्या आणि डेटाचं मूळ फोल्डरही कॉपी करा. त्यात आकड्यांच्या नावाची फोल्डरं असतात, एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. फोल्डर नक्की कुठे आहे ते टॅलीच्या सेटिंगमध्ये दिसतं, अंदाजाने शोधू नका. टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, म्हणून फॉरमॅट मारायच्या आधी टॅलीतूनच ते सरेंडर करा, मग नव्या विंडोजवर पुन्हा अॅक्टिव्हेट करा. अपग्रेडनंतरही कधी कधी पुन्हा अॅक्टिव्हेशन मागतं, तेव्हा टॅलीचा ईमेल आयडी आणि पासवर्ड आधी शोधून ठेवा.

श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव यांत टाइप केलेली जुनी कामं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फाँटमध्ये वाचता येणाऱ्या पद्धतीत, नसतात. फाइल उघडते, पण तो फाँट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरं दिसतात. दहा वर्षांच्या पत्रिका, अहवाल, पावत्या अशा एका फाँटवर टांगलेल्या असतात, म्हणून फाँटचा बॅकअप डेटाइतकाच मोलाचा आहे. इथे एक बारीक गोष्ट सुटते. फाँट दोन ठिकाणी असतात. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फाँट्स हे सगळ्यांना माहीत असतं. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, फाँटवर डबल क्लिक करून साधं इन्स्टॉल केलं की तो फक्त त्या यूजरपुरता बसतो आणि त्याची फाइल यूजरच्या फोल्डरमध्ये जाते : अॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स. अॅपडेटा हे लपवलेलं फोल्डर असल्याने ते आधी दिसतं करावं लागतं. दोन्ही ठिकाणचे फाँट कॉपी करा. नव्या मशीनवर टाकताना राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स" निवडा.

आउटलुक वापरत असाल आणि खातं पॉप पद्धतीचं (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारं) असेल, तर जुनी मेल फक्त आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्येच असण्याची शक्यता मोठी असते. ती उचलायला विसरू नका. क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड फोल्डर कॉपी करून येत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याच्या चावीने कुलूपबंद असतात. सिंक चालू करा किंवा एक्स्पोर्ट करून घ्या. वनड्राइव्हमधल्या ज्या फाइलींपुढे ढगाचं चिन्ह आहे त्या मशीनवर नसतातच, त्यांचा बॅकअप घेताना आधी त्या उतरवून घ्याव्या लागतात. डिजिटल सिग्नेचरचं सर्टिफिकेट टोकनच्या आत असतं, ते फॉरमॅटने जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर आणि सही करायचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं, आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचं असेल तर १८ तारखेला हे काम काढू नका.

आता एसएसडीकडे. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ चालतं, पण काम करण्यासारखं नाही. ती ठेवून अपग्रेड करा किंवा फॉरमॅट मारा, दोन्हीकडे पैसे आणि वेळ वाया जाईल. या पिढीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा २.५ इंची साटा डिस्कची जागा असते आणि अनेकांत त्याशिवाय एम.२ चा खाचाही असतो. तो एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी घेतो की फक्त साटा (जुन्या प्रकारची), हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच खरेदी करा, दोन्ही दिसायला सारखेच असतात. ५०० जीबी पुरेल.

नवी एसएसडी आणण्याचा मोठा फायदा म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला राहते. कोरं विंडोज टाकण्यातली खरी भीती "काहीतरी राहून गेलं" ही असते, आणि जुनी डिस्क हातात असली की ती भीती उरत नाही. यूएसबी केसिंगमध्ये घालून हवी ती फाइल काढता येते. एखादं लायसन्स सरेंडर करायचं राहिलं तर तीच डिस्क परत आत बसवून मशीन चालू करता येतं. म्हणून डिस्क बदलत असताना मी कोऱ्या विंडोजकडे झुकतो आणि डिस्क तीच राहणार असेल तर अपग्रेडकडे.

क्लोन करायचं ठरलं तर १ टीबीवरचा वापरलेला भाग ५०० जीबीत बसतोय ना ते आधी बघा. बहुतेक एसएसडी कंपन्या स्वतःचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर देतात, ते मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर नेताना पार्टिशन आपोआप आखडून घेतं. क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढलेलीच हवी. दोन्ही जोडलेल्या असतील तर एकाच ओळखीच्या दोन डिस्क बघून विंडोज एक ऑफलाइन टाकतं, किंवा तुम्ही नकळत जुन्यावरूनच काम करत राहता.

कोणताही मार्ग घ्या, आधी मशीन पात्र आहे का ते तपासा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची क्षमता, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलची आठवी पिढी अधिकृत यादीत आहे. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे सगळं एका क्लिकमध्ये सांगतं. टीपीएम नाही असं म्हटलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना आधी उठणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ते बंद असतं. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. अडचण खरी येते ती बायोस मोड लेगसी (जुन्या पद्धतीचा) असेल तर, कारण पूर्वी कुणीतरी जुन्या पेनड्राइव्हने विंडोज टाकलेलं असतं आणि डिस्क एमबीआर (पार्टिशनच्या नोंदीच्या जुन्या) पद्धतीची झालेली असते, यूईएफआयला मात्र नवी जीपीटी पद्धत लागते. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने डेटा न घालवता ती बदलता येते, पण सी, डी, ई अशी लॉजिकल पार्टिशन पाडलेली असतील तर ते साधन नकार देतं. तिथे वेळ न घालवता कोरं विंडोज टाका. रूपांतर यशस्वी झालं तर लगेच बायोसमध्ये लेगसी बदलून यूईएफआय करा, नाहीतर मशीन बूटच होणार नाही.

बायोसला हात लावण्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून घ्या. बायोसमधला एखादा बदल झाला की पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तीच मागितली जाते, आणि ती नसेल तर डेटा कायमचा बंद होतो. रिपेअरच्या दुकानातही त्यावर उपाय नाही.

अपग्रेड करताना मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (विंडोजच्या सेटअपची एक मोठी फाइल) उतरवा, त्यावर डबल क्लिक करून आतलं सेटअप चालवा. विंडोज अपडेटमधून येणाऱ्या अपग्रेडपेक्षा यात काय चाललंय ते दिसतं आणि अडलं तर पुन्हा लगेच सुरू करता येतं. त्याआधी सी वर किमान ३० जीबी मोकळे करा. बाहेरचा अँटीव्हायरस, तो क्विक हीलसारखा नावाजलेला असला तरी, लायसन्स डिअॅक्टिव्हेट करून काढा. अँटीव्हायरसचे ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आत बसलेले असतात आणि अपग्रेड मोडण्याच्या कारणांत ते वरच्या क्रमांकाला असतात. प्रिंटर, डोंगल, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क सगळं काढून ठेवा. सेटअपच्या पहिल्या पडद्यावर अपडेट उतरवण्याचा पर्याय "नॉट राइट नाऊ" करा.

पुढे एक पडदा येतो, "कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स". हा पर्याय धूसर असेल आणि फक्त "नथिंग" निवडता येत असेल, तर तिथेच थांबा. मशीन बिघडलेलं नसतं, आयएसओ जुळत नसते. बहुतेक वेळा मूळ विंडोज इंग्लिश युनायटेड स्टेट्स असतं आणि आयएसओ इंग्लिश इंटरनॅशनल उतरवलेली असते, किंवा उलट. बरोबर आयएसओ आणली की पर्याय उजळतो.

अपग्रेड अर्ध्यावरून परत फिरलं तर एररचा नंबर वाचा. त्यात "सी१९००१०१" असेल तर दोष ड्रायव्हरचा. बायोस, ग्राफिक्स, वायफाय आणि स्टोरेज यांचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून अद्ययावत करा आणि पुन्हा लावा. "सी१९००२०८" म्हणजे एखादा प्रोग्रॅम जुळत नाही. "सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही" असा संदेश आला तर बूटच्या फाइलींचं साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन बहुधा भरलेलं आहे. काही कंपन्या बायोसच्या फाइली तिथे ठेवतात, काही वेळा बूटचे फाँट जागा खातात. मायक्रोसॉफ्टने सांगितलेला इलाज म्हणजे त्यातलं फाँट फोल्डर रिकामं करणं, आणि ते बिनधोक आहे.

अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी, "गो बॅक" या वाटेने विंडोज १० वर परतता येतं. पण विंडोज डॉट ओल्ड शाबूत असेल तरच. जागा मोकळी करायच्या घाईत डिस्क क्लीनअपने ते उडवलं की परतीची वाट बंद. पहिल्याच दिवशी टॅली, श्रीलिपी, कोरल, प्रिंटर आणि डिजिटल सही, प्रत्येकात एक खरं काम करून बघा, म्हणजे मुदतीत निर्णय घेता येतो.

कोरं विंडोज टाकताना ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह आणि मीडिया क्रिएशन टूल लागतं. आधी जुन्या विंडोजमधून ड्रायव्हर वाचवून घ्या. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर, त्यातलं फाइलरिपॉझिटरी हे अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर राइट क्लिक करून ड्रायव्हर शोधायला हे फोल्डर दाखवलं की बहुतेक सगळं बसतं. विशेषतः वायफायसाठी हे हवंच, कारण होम आवृत्तीचा सेटअप इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की सहसा काम पुढे सरकतं.

सेटअप चालू असताना मशीनमध्ये फक्त ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं तीच ठेवा. दुसरी डिस्क असेल आणि तिच्यावर जुनं ईएफआय पार्टिशन असेल तर सेटअप बूटच्या फाइली तिथे टाकतो. सगळं नीट चालतं, आणि ज्या दिवशी ती दुसरी डिस्क काढाल त्या दिवशी मशीन बूट होत नाही. पार्टिशनच्या पडद्यावर नवी एसएसडी "अनअॅलोकेटेड" दिसेल, तिच्यावर थेट नेक्स्ट करा, लागणारी लहान पार्टिशन सेटअप स्वतः पाडतो. जुनीच डिस्क वापरत असाल तर आकार बघून आधी खात्री करा आणि मग तिच्यावरची सगळी पार्टिशन काढा. नुसतं सी फॉरमॅट करून जुनं रिकव्हरी पार्टिशन ठेवलं तर ते नव्या विंडोजच्या सहसा कामाचं नसतं. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये या पडद्यावर डिस्कच दिसत नाही. डिस्क मेलेली नसते, व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क हाताळणाऱ्या सोयीचा) ड्रायव्हर हवा असतो. तो कंपनीच्या साइटवरून उतरवून, उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि "लोड ड्रायव्हर" करा.

प्रॉडक्ट की विचारली तर "माझ्याकडे की नाही" निवडा. विंडोज १० अॅक्टिव्हेट असलेल्या मशीनवर तीच आवृत्ती टाकली की ११ इंटरनेटला लागताच आपोआप अॅक्टिव्हेट होतं, एसएसडी बदलली तरी. आवृत्ती मात्र तीच हवी. सिंगल लँग्वेजच्या जागी प्रो टाकलंत तर अॅक्टिव्हेशन होणार नाही. विंडोज सुरू झालं की आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, मग ग्राफिक्स आणि प्रिंटर, मग फाँट, आणि शेवटी सॉफ्टवेअर. २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने केलेल्या कोऱ्या इन्स्टॉलमध्ये, हार्डवेअर पात्र असेल तर, डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू होतं. म्हणून नवी रिकव्हरी की त्याच दिवशी लिहून ठेवा, जुनी आता चालणार नाही.

जुनी डिस्क लगेच पुसून वापरायला घेऊ नका. महिनाअखेरीचं बिलिंग, एक जीएसटी रिटर्न आणि जुन्या फाँटमधली एखादी पुनर्मुद्रणाची फाइल नव्या विंडोजवर पार पडेपर्यंत ती लेबल लावून कपाटात ठेवा.